चौघांच्या नावावर

कारखान्यात मला सगळे भाता म्हणायचे. आईबापांनी चांगलं नाव ठेवलं होतं, पण ते पगाराच्या कागदापुरतं. सात फुटी लादी पट्ट्यावर आडवी पडली, तिची कड कापून झाली, की वर बोटभर पांढरी धूळ साचायची. मी या टोकाला उभा राहायचो आणि एका दमात ती त्या टोकापर्यंत फुंकून टाकायचो. मध्ये श्वास घ्यायचा नाही, हा माझाच नियम. हवेचा पाइप होता, नाही असं नाही, पण दोन पट्ट्यांत मिळून एक. त्याची वाट बघत कोण बसतंय? मुकादमसुद्धा हाक मारायचा, "भात्या, इकडची पण उडव रे!" आणि मी शहाणा छाती पुढे काढून जायचो.

स्वयंपाकघरांचे ओटे करायचो आम्ही, बनावट दगडाचे. दिसायला एकदम झकास. कापताना वरून पाणी सोडायचं असतं, हे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. पण ओली लादी पॉलिश घेत नाही, वाळेपर्यंत थांबावं लागतं, आणि माल तर दुपारी जायचा असायचा. मग नळ बंद आणि कटर चालू. तोंडावरचा मास्क घामाने चिकटायचा म्हणून हनुवटीवर. घरी बायको कपडे भिजवायची तेव्हा बादलीच्या तळाशी पांढरा गाळ बसायचा. ती म्हणायची, "अहो, हे एवढं कपड्यांवर, तर आत किती जात असेल?" मी म्हणायचो, "आत जातं तसं बाहेरही येतं. भाता आहे मी." माझी जीभ अशी चालायची नेहमी.

माझ्या मागून वर्षभराने धाकट्या भावाला मीच कामाला लावलं. माझ्याहून सात वर्षांनी लहान आणि चार बोटं बुटका. हसरा एकदम, कटर चालू असताना गाणारा. स्वतःलाही ऐकू जायचं नाही, तरी गायचा.

वर्षातून एकदा कारखान्याच्या फाटकात पांढरी व्हॅन उभी राहायची. फुफ्फुसांची तपासणी. आत एक मशीन, मशीनला नळी. छाती भरून श्वास घ्यायचा आणि सगळी ताकद लावून नळीत सोडायचा, टेक्निशियन सहा मोजेपर्यंत. पडद्यावर रेघ चढायची आणि आकडा उमटायचा. आकडा मापात बसला की पास. खाली गेला की कागदावर शिक्का, 'हलकं काम'. हलकं काम म्हणजे पॅकिंग. पॅकिंगला गेलेला माणूस परत पट्ट्यावर आलेला मी पाहिला नाही. दोन-तीन महिने तो खोक्यांना चिकटपट्टी लावायचा आणि मग एके दिवशी त्याचं कपाट रिकामं असायचं. म्हणून आम्ही दगडाला घाबरायचो नाही, व्हॅनला घाबरायचो.

दुसऱ्या वर्षी धाकटा व्हॅनमधून पायरीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. चेहरा उतरलेला. "दादा, तीन वेळा फुंकलं. रेघ वर जातच नाही. तो म्हणतोय पाणी पिऊन ये, शेवटचा चान्स देतो."

"सर्दी झाली असेल," मी म्हणालो.

"नाही रे. सर्दी नाहीये."

त्याचं लग्न होऊन चार महिने झाले होते. मला काही सुचेना, आणि मला सुचेना तेव्हा मी नेहमी उद्योगच करून ठेवतो. त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र काढलं, माझ्या गळ्यात घातलं, टोपी खाली ओढली आणि आत गेलो. टेक्निशियन पोट सुटलेला, कंटाळलेला माणूस. त्याला दिवसाला साठ माणसं संपवायची होती. त्याने ओळखपत्राचा नंबर पाहिला, माझ्याकडे पाहिलंच नाही. पांढऱ्या धुळीत आम्ही सगळे तसेही एकसारखेच दिसायचो. मी फुंकलं. रेघ पडद्याच्या वरच्या कडेला टेकली.

"बघ, पाण्याने फरक पडतो," तो म्हणाला.

बाहेर येऊन मी धाकट्याच्या पाठीत धपाटा घातला. तो हसला, गळ्यात पडला, म्हणाला, "दादा, तुझी वेळ आली ना, की मी फुंकीन तुझ्यासाठी." आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो. आज तो दिवस आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. त्या दिवशी माझ्या भावाचं शरीर सांगत होतं, की इथून निघ. मी त्याचं तोंड बंद केलं आणि त्याच्या जागी स्वतःचं लावलं.

अशी गोष्ट झाकून राहत नाही. पुढच्या वर्षी शेजारच्या पट्ट्यावरचा पॉलिशवाला आला, माझंही फुंक म्हणून, मग चष्मा. चष्मा म्हणजे आमच्याच पट्ट्यावरचा, जाड भिंगांचा, दोन मुलींचा बाप. "भात्या, तुला काय, तुझ्याकडे ढिगाने आहे." खरंच होतं की. मी सकाळच्या पाळीत दोनदा जायचो, दुपारच्या पाळीत दोनदा. एकदा तो टेक्निशियन मान वर न करता म्हणाला, "आलास का परत?" मी टोपी अजून खाली ओढली. पण त्याने नुसती नळी पुढे केली. त्यालाही साठचा आकडा भरायचा होता. तीन वर्षं मी चौघांच्या नावावर फुंकत होतो, आणि खरं सांगतो, मला त्याचा गर्व होता.

मग पॉलिशवाला गावी गेला. हवापालट म्हणून गेला आणि सात आठवड्यांनी त्याच्या मेहुण्याचा फोन आला, तो वारला म्हणून. काय झालं होतं विचारलं तर म्हणाला, छाती. दुसऱ्या दिवशी त्याच्या पट्ट्यावर नवा माणूस उभा होता. चष्मा आणि मी एकमेकांकडे बघायचं टाळत होतो.

धाकटा कामावर अजून चार महिने टिकला. आधी गाणं थांबलं. मग जेवताना घासाघासाला थांबायला लागला. मग एका सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकला आणि वर उठलाच नाही, तसाच जमिनीवर बसून राहिला. इस्पितळात कामगारांच्या आजारांच्या एक डॉक्टरबाई होत्या. त्यांनी छातीचा फोटो उजेडावर धरला. दोन्ही फुफ्फुसं भरून पांढरे ठिपके. त्या म्हणाल्या, "दगडाची धूळ. आत बसली की निघत नाही, आणि आता काम सोडलं तरी हे थांबत नाही." धाकट्याने विचारलं, "म्हणजे किती?" त्या म्हणाल्या, "आधी भरपाईचा दावा लावू. औषध आणि ऑक्सिजनचं मशीन तरी कायमचं मिळेल."

सगळं त्या दाव्यावर येऊन ठेपलं. घरातलं मशीन इस्पितळाने तात्पुरतं दिलेलं होतं, दाव्याचा निकाल लागेपर्यंत. दावा मंजूर झाला तर मशीन राहणार, उपचार चालणार, पुढे त्याच्या बायकोला आधार. फेटाळला तर मशीन परत. धाकटा त्याच्याशिवाय पंधरा मिनिटंसुद्धा बसू शकत नव्हता. नळी नाकात आणि मशीनची ती घरघर, दिवसभर. त्या घरात आम्ही सगळे त्या आवाजावर कान ठेवून बसायचो.

सुनावणीच्या आधी डॉक्टरबाईंनी मला एकट्याला बोलावलं. टेबलावर कंपनीने पाठवलेले धाकट्याचे तपासणीचे कागद होते. "हे बघा. दरवर्षी पास. नुसता पास नाही, उत्तम. या कागदांप्रमाणे तुमचा भाऊ अकरा महिन्यांपूर्वी धावण्याच्या शर्यतीत उतरला असता. कंपनीचा वकील म्हणणार, आमच्याकडे होता तेव्हा ठणठणीत होता, हे दुखणं बाहेरून आणलं." त्यांनी कागदांवरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. "फुफ्फुसं अशी एका वर्षात दगड होत नाहीत. तुम्हाला काही माहीत आहे?"

मी ते कागद गोळा करून त्यांच्यापुढे सरकवले आणि निघालो.

घरी आलो तर धाकट्याची बायको दारातच उभी. तिला म्हणे बाईंचा फोन आला होता. "भाऊजी, तुम्ही दोघं माझ्यापासून काय लपवताय? हे काही बोलत नाहीत, भिंतीकडे तोंड करून झोपतात." आतून धाकट्याने हात हलवला, नको नको असा. तो मला वाचवत होता. मी खोटं फुंकलं हे कळलं तर माझी नोकरी जाणार, कदाचित पोलीससुद्धा. नाकात नळी घालून पडलेला माझा भाऊ मला वाचवत होता! मला इतका राग आला, स्वतःचाच, की मी तिथेच मटकन बसलो आणि तिला सगळं सांगून टाकलं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "मग हे तिथं सांगा."

ही गोष्ट चष्म्याच्या कानावर घालणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सांगितली, तर तो हातापाया पडायला लागला. "माझं नाव घेऊ नकोस रे. दोघींची शाळा चालू आहे. मला काही झालेलं नाही, बघ, ठीक आहे मी." हे एवढं बोलताना तो तीनदा थांबला. मी म्हटलं, "गधड्या, जिना तरी चढून दाखव." तो गेला निघून. त्या दिवसापासून बोलला नाही.

सुनावणीचं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद होती. दुखणाइतांचे दावे ऐकणारी कचेरी तिसऱ्या मजल्यावर ठेवणाऱ्याला हात जोडले पाहिजेत. धाकट्याच्या बायकोने छोटं मशीन खांद्याला अडकवलं, मी त्याला काखेतून धरलं. प्रत्येक वळणावर थांबलो. पहिल्या मजल्यावर तो म्हणाला, "तू हो... पुढे." मी म्हटलं, "घाई काय आहे? तुझ्यासाठी थांबतो." माझाही शर्ट पाठीला चिकटला होता. वजन वाढलंय, मी मनात म्हणालो. गेलं वर्षभर मी हेच म्हणत होतो. लादी हल्ली दोन दमांत फुंकावी लागायची, त्यालाही वजनच कारण.

खोलीत लांब टेबल, मध्ये अधिकारी साहेब, एका बाजूला कंपनीचा वकील. फार गोड माणूस. धाकट्याला त्याने स्वतः खुर्ची ओढून दिली, पाणी विचारलं. मग जाडजूड फाइल उघडली. "साहेब, आमची कंपनी कामगारांची किती काळजी घेते ते बघावं. फक्त यांचेच नाहीत, पूर्ण खात्याच्या सगळ्या तपासण्या आणल्यात मी, आठ वर्षांच्या. दरवर्षी, न चुकता. आणि हे गृहस्थ, शेवटच्या तपासणीपर्यंत, पास. आम्हाला यांच्याबद्दल सहानुभूती आहे. पण हा आजार आमचा नाही."

मी उभा राहिलो. "साहेब, ती फुंकर त्याची नाही. माझी आहे." आणि सगळं सांगितलं, ओळखपत्र, टोपी, पाळ्या, सगळं. पॉलिशवाल्याचं नाव घेतलं, तो आता नोकरीच्या पलीकडे गेला होता. चष्म्याचंही घेतलं. घेताना जीभ जड झाली, पण घेतलं.

वकील रागावला नाही. उलट मान हलवत राहिला, समजूतदारपणे. "सख्खा भाऊ आहे. मीही माझ्या भावासाठी हेच बोललो असतो. पुरावा काय?"

"पुरावा?" माझ्या डोक्यात तिडीक गेली. "पुरावा इथं उभा आहे! मशीन आणा. आत्ता फुंकतो. असा आकडा अख्ख्या कारखान्यात दुसऱ्या कुणाचा निघाला तर नाव बदलीन!"

डॉक्टरबाई त्यांचं मशीन घेऊनच आल्या होत्या. साहेबांनी वकिलाकडे पाहिलं. वकील म्हणाला, "अवश्य." त्याच्या त्या गोड आवाजाने माझ्या अंगावर काटा आला, पण मी नळी हातात घेतली होती. धाकट्याकडे बघून डोळा मारला. पाय रोवले, खांदे मागे घेतले, छाती भरली आणि श्वास सोडला.

रेघ चढली आणि अर्ध्यात वाकली.

"पुन्हा," मी म्हणालो. पुन्हा सोडला. तिसऱ्यांदा सोडला तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली आणि खोकल्याची अशी उबळ आली की टेबल धरावं लागलं. बाईंनी आकडा वाचला. दोन पॉइंट सहा.

"कागदावर सगळ्यात चांगला आकडा पाच पॉइंट एक आहे," वकील हळूच म्हणाला. "या गृहस्थांच्या छातीत त्याच्या निम्मीच हवा आहे, साहेब. हे कसे फुंकणार होते?"

धाकट्याच्या बायकोने पदराने तोंड झाकलं. मी इतका मूर्ख की त्या क्षणी मला माझ्या फुफ्फुसांची नाही, आकड्याची लाज वाटत होती. माझ्या जोरावर मी भावाचा दावा जिंकणार होतो आणि मीच तो बुडवला होता.

"ती फाइल मला मिळेल?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

वकिलाने अगदी उदारपणे फाइल सरकवली. बाईंनी चार नावांची पानं काढली. धाकटा, पॉलिशवाला, चष्मा आणि मी. टेबलावर शेजारी शेजारी लावली आणि पेन्सिलीने एकेक आकडा दाखवत साहेबांना वाचून दाखवायला लागल्या. "ज्या वर्षी चौघंही यांच्याच फुंकरीवर होते, असं हे म्हणतात, ते पहिलं वर्ष. पाच पॉइंट एक, पाच, पाच पॉइंट एक, पाच. चार माणसं, चार वयं, चार उंच्या, आकडा एकच. त्यातला एक तर यांच्याहून चार बोटं बुटका. पुढचं वर्ष, चार पॉइंट पाच, चार पॉइंट पाच, चार पॉइंट चार, चार पॉइंट पाच. त्याच्या पुढचं, अकरा महिन्यांपूर्वीचं, तीन पॉइंट सात. चौघांचंही." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "चार माणसांची फुफ्फुसं एकाच वेळी, एकाच मापाने खाली येत नाहीत, साहेब. हे एकाच माणसाचं फुफ्फुस आहे, चार नावांखाली. आणि त्याच उतारावर पुढे चालत गेलं, तर आज कुठे पोचायला हवं?"

साहेबांनी माझ्यासमोरच्या मशीनकडे पाहिलं. दोन पॉइंट सहा अजून पडद्यावर होता.

वकिलाने फाइल परत ओढायला हात पुढे केला. साहेबांनी आपला हात फाइलवर ठेवला. म्हणाले, "राहू दे इथेच." मग मला विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? आकडा उतरतोय म्हणून?"

"पास होतो ना साहेब," मी म्हणालो. "कागदावर पास लिहिलेलं असायचं."

"यांची सुरुवातच इतकी वरून झाली," बाई म्हणाल्या, "की एवढं घसरूनही कागद यांना निरोगीच म्हणत राहिला." आवाज कोरडा होता, पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

दावा मंजूर झाला. साहेबांनी तिथल्या तिथे लिहायला घेतलं. मशीन राहणार, उपचार चालणार. चष्म्याला उद्याच तपासणीला बोलवा, असंही लिहिलं. धाकट्याच्या बायकोने माझे पाय धरले, मी तिला उठवलं, म्हटलं, "अगं, वेडी का काय!" मला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही, देवाशप्पथ. पण नजर सारखी त्या पडद्याकडे जात होती. दारात बाईंनी एक चिठ्ठी हातात दिली. "सकाळी लवकर या. फोटो काढू. आणि आता त्या कारखान्यात पाऊल टाकायचं नाही."

"बाई, किती?" मी विचारलं. धाकट्याने विचारलं होतं अगदी तसंच.

"आधी दावा लावू," त्या म्हणाल्या.

खाली उतरताना वळणावर धाकट्याने कठडा धरला आणि पायरीवर बसला. मीही बसलो. त्याची बायको मशीन सावरत दोन पायऱ्या खाली उभी राहिली. धाकटा माझ्याकडे बघत होता. वर जाताना मी 'तुझ्यासाठी थांबतो' म्हणालो होतो, पण आता मी माझ्याच दमासाठी बसलोय हे त्याला कळलं होतं. त्याने नाकातली नळी नीट केली, श्वास गोळा केला.

"दादा," तो म्हणाला, "मी... म्हटलं होतं... तुझ्यासाठी..."

वाक्य पुरं करण्याएवढा श्वास त्याच्याकडे नव्हता. मी म्हणालो, "हो रे, आठवतंय मला." मग त्याच्या पाठीवर हात ठेवून मी आधी माझी धाप खाली बसायची वाट बघायला लागलो.